ताज फोर्ट आग्वाद, सिकेरी : बाबांच्या लाँड्रीपासून समुद्राकडच्या खोलीपर्यंत

खोलीत शिरल्यावर आईनं आधी समुद्र पाहिला नाही. ती पलंगाशी गेली, वरची रजई थोडी बाजूला सारली आणि पायथ्याकडचा चादरीचा कोपरा दोन बोटांत धरून पाहिला. चादर गादीखाली खोचलेली, कोपऱ्यावर पाकिटासारखी दुमडलेली, कड तिरकी आणि ताठ. "हेंची घडी अशीच आसायची," एवढंच म्हणाली आणि मग बाल्कनीत गेली.

माझे बाबा १९७५ पासून वीस-एक वर्षं या हॉटेलच्या लाँड्रीत होते. आमचं घर बांद्याजवळ. गोव्याची हद्द घरापासून हाकेच्या अंतरावर, पण सिकेरीला जायचं म्हणजे एस.टी.नं म्हापसा, तिथून कळंगुटच्या बाजूची खचाखच भरलेली छोटी बस आणि पुढं पाय. कांदोळीत आमच्याच भागातल्या चार जणांनी मिळून एक खोली घेतली होती. बाबा महिन्यातून एकदा घरी यायचे, चतुर्थीला न चुकता. इतक्या वर्षांत आम्ही कुणीच ते हॉटेल आतून पाहिलं नाही. कुणी अडवलं होतं असं नाही, विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. बाबा २००८ मध्ये गेले. यंदा आईला ऐंशीवं लागलं, तेव्हा माझ्या मुलानं सप्टेंबरअखेरीच्या दोन रात्री नोंदवल्या आणि म्हणाला, आजीला ने. तर हे परीक्षण त्या दोन रात्रींचं आहे. हॉटेलचा इतिहास मला बाबांच्या तोंडून आणि पुढं स्वतः वाचून जेवढा कळला तेवढा सांगते, कारण तो माहीत असला की तिथं राहण्याची गोडी वेगळी होते.

मूळ जागा किल्ल्याची. डच जहाजांचा धाक असल्यामुळं पोर्तुगीजांनी मांडवीच्या तोंडावर हा किल्ला बांधला, १६१२ मध्ये तो पुरा झाला. पोर्तुगीज भाषेत पाण्याला 'आग्वा' म्हणतात. डोंगरात गोड्या पाण्याचे झरे आहेत आणि युरोपातून महिनोन्‌महिने खारं पाणी बघत आलेली जहाजं इथं पिंपं भरून घ्यायची, म्हणून आग्वाद. वरच्या किल्ल्यात पाण्याचं जे टाकं आहे ते सोळा खांबांवर उभं आहे, त्यात २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावायचं असं सांगतात. किल्ल्याची तटबंदी डोंगरमाथ्यावरून खाली समुद्रापर्यंत उतरत होती. सिकेरीच्या टोकाला पाण्यात घुसलेला जो गोल बुरूज आहे, फोटोत हमखास दिसतो तो, त्याच खालच्या किल्ल्याचा. हॉटेल उभं आहे ते या बुरुजाच्या डोक्यावर, उतारावर.

ताजचं मुंबईचं हॉटेल १९०३ चं. पण त्यानंतर किती तरी वर्षं ते एकटंच होतं. सत्तरच्या दशकात अजित केरकर यांच्या हाती सूत्रं आल्यावर हा समूह मुंबईबाहेर पसरला. उदयपूरचा तलावातला महाल, जयपूरचा रामबाग आणि १९७४ मध्ये हे, 'फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट'. समुद्रकिनाऱ्यावरचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं पंचतारांकित हॉटेल देशात त्याआधी नव्हतं, असं ताज स्वतःच्या इतिहासात सांगतं. तेव्हाचा गोवा डोळ्यांपुढं आणा. मुक्ती मिळून तेराच वर्षं झालेली. किनाऱ्यावर माडाच्या बागा, रापणीच्या होड्या, सुकत घातलेली मासळी. कळंगुट, बागा, हणजूणला हिप्पी येत होते, पण ते झावळीच्या खोपीत नाही तर गावकऱ्यांच्या घरात राहायचे. कांदोळीच्या पुढं, जिथं रस्ताच संपतो तिथं मोठ्ठं हॉटेल कोण बघायला येणार, असं बाबांना नोकरी लागली तेव्हा गावातले जाणते म्हणायचे. बाबांनी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन यायचे.

लाँड्रीबद्दल बाबा भरभरून बोलायचे. गरम रुळांतून चादर सरकत बाहेर यायची ते मशीन, त्याला ते 'कॅलेंडर' म्हणायचे आणि मला लहानपणी वाटायचं की त्यातून तारखा छापून निघतात. मशीनच्या त्या तोंडाला दोघं उभे राहायचे, चादरीचे दोन-दोन कोपरे धरायचे आणि एकमेकांकडं चालत यायचे. घरी आल्यावर हेच काम त्यांनी मला शिकवलं. अंगणात ते एका टोकाला, मी दुसऱ्या. "कोपरे सांभाळ गो, मधलां आपसूक सरळ जातां." पावसाळ्यात समुद्राच्या खाऱ्या हवेनं काहीच धड सुकायचं नाही, घडी केलेला कपडाही हाताला दमट लागायचा, आणि अशा कपड्याला कुबट वास आला तर अख्खी चळत परत पाण्यात. सगळ्यात मोठा शत्रू तांबडी माती. पाहुणे पांढऱ्या विजारी घालून किल्ल्यावर जायचे, जांभ्या दगडावर टेकायचे आणि संध्याकाळी पिशवी लाँड्रीत. जांभ्याचा डाग म्हणजे एका अर्थी गंजाचाच डाग, साबणानं तो हटत नाही. तो कसा काढायचा हे बाबांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

नोव्हेंबर १९८३ मध्ये मी सातवीत होते. राष्ट्रकुल परिषदेसाठी देशोदेशीचे प्रमुख दिल्लीला जमले होते आणि मधल्या शनिवार-रविवारी इंदिरा गांधी त्यांना विसाव्यासाठी घेऊन आल्या त्या इथं, आग्वादला. मार्गारेट थॅचर, ली कुआन यू, कॅनडाचे त्रुदो, झांबियाचे कौंडा. त्यांच्यासाठी हॉटेलच्या वरच्या अंगाला डोंगरावर वेगळे बंगले बांधले गेले, तेच 'आग्वाद हर्मिटेज'. रस्ते झाले, दिवे लागले. गोव्यात पर्यटन कधी वाढलं याची चर्चा निघाली की जुने लोक अजून 'चोगम'च्या, म्हणजे या राष्ट्रकुल परिषदेच्या, आधी आणि 'चोगम'च्या नंतर असं बोलतात. पर्वरीहून कळंगुटच्या बाजूला येणाऱ्या रस्त्याला तर 'चोगम रोड' हेच नाव पडलं. जागतिक सुरक्षेवरचं एक निवेदन तिथून निघालं, त्यालाही 'गोवा जाहीरनामा' म्हणतात.

बाबा त्या वेळी तीन आठवडे घरी आले नाहीत. आल्यावर आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसलो, इंदिराबाई कशा दिसतात विचारायला. त्यांनी त्यांच्यापैकी कुणालाच पाहिलं नव्हतं. लाँड्रीतून वर जाणारी वाट वेगळी आणि त्या दिवसांत तर दर वळणावर पहारा. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला पाठ आहे. वर जाणाऱ्या प्रत्येक उशीच्या अभ्र्याची शिवण त्यांनी उजेडात धरून तपासली होती. एकाची उसवली होती, ती त्यांनी स्वतः सुईदोऱ्यानं घातली. तो अभ्रा कुणाच्या खोलीत गेला हे कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या लेखी त्यानं काही बिघडत नव्हतं.

याच ठिकाणी एक गोष्ट नीट नोंदवायला हवी. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनीच किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कळवलं होतं की भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरच्या आत बांधकामं होऊ देऊ नका. पुढं १९९१ मध्ये किनारपट्टीच्या नियमनाची अधिसूचना निघाली त्यामागं त्या पत्राचा मोठा हात आहे. म्हणजे हे हॉटेल त्या नियमांच्या आधीचं, आज कुणी किल्ल्याच्या तटावर असं काही बांधतो म्हणाला तर ते होऊ नये असंच मी म्हणेन. माझ्या घराची चूल या हॉटेलवर पेटली आहे, तरीही म्हणेन. पण जे बांधलं ते बांधणाऱ्यांनी डोंगर पाहून बांधलं, हेही तितकंच खरं. उंच मनोरा उभा केला नाही. खोल्या उतारावर टप्प्याटप्प्यानं बसवल्या, झाडं राखली. आम्ही संध्याकाळी वाळूवरून मागं वळून पाहिलं तेव्हा आधी बुरूज दिसला, मग झाडी आणि मग हॉटेल. कांदोळीपासून बागापर्यंत नंतर जे उभं राहिलं त्याच्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आता आमच्या मुक्कामाकडं. आम्ही कुडाळहून भाड्याच्या गाडीनं निघालो. त्या गाडीवाल्यानं दोन तास उशीर केला, वर वाटेत पैसे वाढवून मागितले, तेव्हा पोचलो तो जीव वैतागलेला होता. लॉबीत पाऊल टाकलं आणि समोर एकदम समुद्र. आई चालताना थांबली. एक मुलगी पाण्याचा पेला घेऊन आली, आईच्या पायांकडं तिनं पाहिलं आणि न सांगता खुर्ची पुढं केली. नोंदणीचे कागद मी उभी राहून भरले, तोवर आईला सरबत मिळालं होतं.

खोली बुरुजाच्या बाजूची मिळाली. हीच मागा, थोडे जास्त पैसे पडले तरी. खाली लाट बुरुजावर आपटते तो आवाज रात्रभर येतो, पण झोपमोड करणारा नाही, घरातल्या जात्यासारखा सवयीचा होतो. सकाळी मी एकटी खाली जाऊन त्या दगडाशी उभी राहिले. लांबून ती भिंत एकसंध काळपट दिसते. जवळ गेलं की जांभ्याची भोकंभोकं, एकेका भोकात बोट जाईल एवढी, कडेला मिठाची पांढुरकी खपली आणि आत कुठं कुठं नेच्याची इवलीशी हिरवी पानं. हात ठेवला तर दगड सकाळीही कोमट होता. तळहात उचलला तर तांबडा.

आईला गुडघ्यांचं दुखणं आहे आणि ही जागा चढउताराची आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत बॅटरीवरची छोटी गाडी येते, फोन केला की काही मिनिटांत दारात. आईला तिची इतकी सवय झाली की दुसऱ्या दिवशी चालवणाऱ्या मुलाशी तिचं गूळपीठ जमलं होतं. तो दोडामार्गचा. आपल्या भागातली पोरं अजूनही इथं आहेत, आता लाँड्रीपुरती नाहीत, स्वागतकक्षात आहेत, स्वयंपाकघरात आहेत. हे पाहून मला जे वाटलं ते बाबांना सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

जेवणाबद्दल. गोव्याच्या घराघरांतलं जेवण मोठ्या हॉटेलच्या ताटात मानानं आलं त्याचं बरंच श्रेय शेफ अर्बानो रेगो यांचं. ताजच्या गोव्यातल्या हॉटेलांत त्यांनी कित्येक वर्षं हुमण, शाकुती, काफ्रियाल असं आपलं अन्न पाहुण्यांपुढं ठेवलं. त्याआधी पंचतारांकित म्हणजे सूप, कटलेट आणि फार तर बटर चिकन. ते वळण अजून टिकून आहे. रविवारी रात्री आम्ही इसवणाचं हुमण आणि उकड्या तांदळाचा भात घेतला. नारळ बारीक वाटलेला, आंबटपणा नेमका, तिखट आईला झेपेल इतकंच. दुसऱ्या दिवशी सोमवार. आई सोमवारी मासे खात नाही हे आदल्या रात्री सहज बोलण्यात आलं होतं. सकाळी न्याहारीला वाढणारा मुलगा आपणहून येऊन म्हणाला, "आज्ये, तुझ्यासाठी आळसांद्याचां तोणाक केलांसा." आळसांदे म्हणजे चवळी, तोणाक म्हणजे तिची खोबऱ्याच्या वाटणातली रस्साभाजी. भाजलेल्या खोबऱ्याचा वास वाटी यायच्या आधी आला. आईनं दोन पाव संपवले. घरी ती एक खाते.

पोहायला म्हणाल तर पावसाळ्यात समुद्र वर्ज्य. जून ते सप्टेंबर लाल निशाण असतं आणि जीवरक्षक शिट्टी मारून मागं बोलावतात, ते ऐका. हॉटेलचा तलाव आहे, पोरांनी तिथं डुंबावं. समुद्र पोहण्याजोगा हवा असेल तर नोव्हेंबर ते मार्च, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले दर आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे. सप्टेंबरअखेर आम्हाला सोसला, डोंगर हिरवागार होता आणि गर्दी नव्हती. या किनाऱ्यावर २००० च्या जूनमध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे लोखंडाच्या खनिजाचं मोठं जहाज वाळूत रुतलं आणि बारा वर्षं तिथंच गंजत पडलं होतं. तेव्हा आलेले कुणी असाल आणि तीच आठवण मनात धरून असाल, तर २०१२ मध्ये ते हटलं. किनारा मोकळा आहे.

आणि एक दिवस हॉटेलबाहेर काढा. गाडीनं फार लांब नाही. आधी वरचा किल्ला, तिथं १८६४ चा जुना दीपस्तंभ आहे, १९७६ मध्ये तो निवृत्त झाला, शेजारी नवा उभा आहे. मग खाली, मांडवीच्या बाजूला उतरून आग्वादचा तुरुंग. ज्या डोंगराच्या एका अंगाला आमची बाल्कनी होती, त्याच्याच दुसऱ्या अंगाला हा. राम मनोहर लोहियांना १९४६ मध्ये पोर्तुगीजांनी इथं आणून ठेवलं होतं. १९५५ च्या सत्याग्रहात पकडलेले नानासाहेब गोरे, मधु लिमये हे आपले लोक इथं कोंडले गेले आणि १९५७ मध्ये सुटले. सावंतवाडी, बांदा या वाटेनं सत्याग्रहींच्या तुकड्या हद्द ओलांडत होत्या. आई तेव्हा दहाएक वर्षांची. डोक्याला पट्ट्या बांधलेली माणसं परत येताना तिनं पाहिली आहेत, तिच्या वडिलांनी त्यांना पेज दिली होती. मुक्तीनंतरही तो तुरुंगच राहिला, २०१५ मध्ये कैदी कोलवाळला हलवले आणि डागडुजी होऊन २०२१ च्या डिसेंबरात तिथं संग्रहालय उघडलं. एका कोठडीच्या दारात आई बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती. तोच जांभा. तिला मी बाहेर यायची घाई केली नाही.

हॉटेलातल्या लोकांनी आपल्या पाहुण्यांना किल्ल्याची गोष्ट सांगताना तुरुंगाचीही सांगावी असं मला मनापासून वाटतं. आम्ही निघतो म्हणालो तेव्हा स्वागतकक्षातल्या मुलीनं वाट नीट समजावून दिली. तिकडं जाणारे पाहुणे फार थोडे, असंही ती म्हणाली.

निघायच्या सकाळी आईनं न्हाणीघरातले टॉवेल गोळा करून पलंगावर बसून घड्या घालायला घेतल्या. खोली आवरायला आलेला मुलगा संकोचला. "आज्ये, ऱ्हवांदे, ते धुवायलाच जातले." आई म्हणाली, "जाऊंदेत. पण असे बोळे नको जाऊंक." तो हसला आणि टॉवेलाची दोन टोकं धरून तिच्यासमोर उभा राहिला. दोघांनी मिळून सहा टॉवेल घडी केले, एकमेकांकडं चालत येऊन. मी सामान उचलून दारात थांबले.

नोंदवताना एवढं लक्षात ठेवा. बुरुजाकडची खोली मागा, वयस्कर माणूस बरोबर असेल तर छोट्या गाडीच्या थांब्याजवळची, जेवणाचं पथ्य आदल्या रात्री सांगा. आणि किल्ल्यावर जाताना पांढरे कपडे घालू नका. घातलेच आणि तांबडी माती लागली तर ओली असताना चोळू नका, ती धाग्यात शिरते. सुकू द्या, झटका, मग डागावर मीठ पसरून लिंबू पिळा आणि कपडा उन्हात ठेवा. उन्हातच ठेवा, सावलीत नाही. संध्याकाळी साध्या पाण्यानं धुवा. एका खेपेत गेला नाही तर दुसऱ्या दिवशी परत.